काठाचा वाटा

त्या आठवड्यात मी चालत नव्हतोच, उडत होतो. सायकलवर बसलो की घंटी वाजवायचो, समोर कोणी असो की नसो. शेवटी बांधावरून एक म्हातारी बाई ओरडली, "कोनाले वाजवून राह्यला बे? बगळ्याइले?" मी तिलाच हात जोडून नमस्कार केला आणि पुन्हा वाजवली. ती काय पुटपुटली ते मी ऐकायला थांबलो नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. सावली गावातल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं. धानाच्या बांध्यांमधून सायकल हाणली की अर्ध्या-पाऊण तासात घरी पोचायचो. घर मासेमाऱ्यांचं. आजा, पणजा, सगळे गावच्या तळ्यावर जगले. आमच्या अख्ख्या खानदानात कोरड्या कपड्यात कामाला जाणारा मी पहिला. बहीण सासरी गेलेली. घरात बाबा, माय आणि मी.

बुधवारी दुपारी माझा मावसभाऊ कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. उभा म्हणजे फटफटीवर, आणि फटफटी चालूच. तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात लागला होता आणि तेव्हापासून कुठंही इंजिन बंद करून बोलत नव्हता.

"चाल बे! काम झालं तुहं," तो खिडकीतून ओरडला. "साहेब हो म्हनला. स्टोअरमधी बाबू पाह्यजे. सोमवारी सकाळी हजर. नाई आला तं दुसरा उभाच हाय तिथी."

पगार दुपटीहून जास्त. वर क्वार्टर. क्वार्टरमध्ये नळ, आणि छताला पंखा. पंखा हो! आमच्याकडच्या मे महिन्यात ज्यानं खाटेवर पाणी शिंपडून रात्र काढली आहे त्यालाच त्या शब्दाची गोडी कळेल. मी त्याला पुन्हापुन्हा विचारलं, "बटन दाबलं की फिरते?"

"नाई," तो म्हणाला, "तू आरती म्हटली की फिरते."

झालं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला! मी चहावाल्याला सांगितलं, शिपायाला सांगितलं, कचेरीच्या आवारात बसणाऱ्या गाईलाही सांगितलं. संध्याकाळी शिंप्याकडे जाऊन टेरिकॉटची नवी पॅन्ट शिवायला टाकली, मोहरी जरा मोठी ठेव म्हणून बजावलं. कारखान्यात रुबाब पाहिजे.

आता सगळ्यांनी खुश व्हायला नको? पण छे! दुसऱ्या दिवशी आमच्या बडे बाबूंनी मला टेबलासमोर उभं केलं. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क, निवृत्तीला टेकलेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," ते म्हणाले.

"हातात आहे काय, बडे बाबू? शाईचे डाग?"

कचेरी हसली. ते तापले. "अरे मूर्खा, पगार तर हमालालाही मिळतो! पेन्शन फक्त सरकारच्या जावयाला मिळते. कारखाना उद्या बंद पडला तर? सरकार कधी बंद पडतं का?"

"चालू असेल तर बंद पडेल ना!"

ते मला पुढं दोन दिवस चहाला बोलावणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं. पण मला काय त्याचं? माझ्या डोक्यात पंखा फिरत होता.

घरी मात्र गाठ बाबांशी होती, आणि बाबांचा राग माझ्यापेक्षा वरचढ. तो राग मला त्यांच्याकडूनच आलेला, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडे करणार? ओसरीवर बसून ते जाळं सांधत होते. मी सगळं सांगितलं, क्वार्टर, नळ, पंखा. त्यांनी मान वर केली नाही.

"पेन्शन?" एवढंच विचारलं.

"नाई. फंड आहे."

"फंड म्हंजे?"

"नोकरी संपली की एकदम पैसे देते."

"म्हंजे एक दिवस मासळी अन् मंग उपास." त्यांनी दातानं दोरा तोडला. "काई नाई जात तू."

बाबांना पेन्शनचं वेड होतं. मला नोकरी लागली त्या दिवसापासून त्यांनी गावभर सांगितलं होतं, "माह्या पोराले पेन्शन आहे." मिळेल असं नाही, आहे! जणू मी दर महिन्याला अंगठा लावून उचलतच होतो. त्याचा परिणाम असा की लोक मला वयस्कर समजायला लागले. बाजारात कोणी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचं. मूल गावाहून स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांनी तर मायला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मुलगा दुजवर तर नाही ना? मी त्या दिवशी इतका भडकलो होतो की पाहुण्यांना पाणीही विचारलं नाही. ते स्थळ गेलं.

"बाबा, पंचवीस वर्साचा आहो मी! म्हातारपनाची काळजी आत्ताच कायले करू?"

"म्हातारपन काय चिठ्ठी पाठवून येते का बे? पाऊस पडो, नाई पडो, तळं भरो, नाई भरो, सरकार घरी आनून देते. पान्यात न उतरता! असं सुख कोनाले भेटते?"

"मले नाई पाह्यजे म्हाताऱ्याचं सुख!"

"मंग जाय! मर तिकडं धुरळ्यात!"

यानंतर आमचं बोलणं बंद. दोन खोल्यांच्या घरात बोलणं बंद करणं सोपं नसतं. "सांग त्याले, आंबील ठेवली आहे." "सांग त्याइले, भूक नाई." माय आमच्या दोघांच्या मधोमध तांदूळ निवडत बसलेली. शनिवारी तिनं सूप आपटलं. "मी काय पोस्ट आहो का? तुमचं तुमी बोला नाईतर दोघंई मुकाट राहा!"

मग मी तिलाच सांगितलं, पण बाबांना ऐकू जाईल असं. "सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं चाललो. पक्कं."

"अन् येशीन कधी?"

"दिवाळीले. तिथी पाळीचं काम राहते, रविवार-गिविवार नसते."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बाबा खाटेवर पाठ करून पडले होते. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. शिंप्याकडून पॅन्ट आली होती आणि मी ती घालून घरातल्या घरात फिरत होतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

रविवारी तळ्याचा दिवस होता.

आमच्याकडे उन्हाळ्यात तळं आटत आलं की मासेमाऱ्यांची सगळी घरं एकाच दिवशी पाण्यात उतरतात. कोणी आधी उतरायचं नाही, कोणी मागं राहायचं नाही. निघालेली मासळी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, एकत्र टाकतात आणि तिचे वाटे घालतात. कोणता वाटा कोणाचा यावरून भांडण नको म्हणून उतरायच्या आधीच आमचा मुखिया सगळ्यांसमोरून ओंजळ पसरून जातो. प्रत्येक घरानं त्यात आपली एक खूण टाकायची. कोणी बिडी टाकतं, कोणी गुंडी, कोणी पळसाचं पान दुमडून. नंतर मुखिया डोळे मिटून एकेका वाट्यावर एकेक खूण ठेवतो, ज्याची खूण त्याचा वाटा. हा पाण्याचा वाटा.

दुसरा असतो काठाचा वाटा. ज्या घरातून पाण्यात उतरायला माणूस उरला नाही, विधवा बाई, आजारी, थकलेला म्हातारा, त्यांना काठावर बसवून वाटा देतात. मासळी तेवढीच, एक झिंगाही कमी नाही. फक्त त्यांच्याकडून खूण घेत नाहीत. त्यांचा वाटा बाजूला काढून ठेवलेला असतो.

बाबांची खूण म्हणजे चुन्याची पितळी डबी. मला आठवतं तेव्हापासून तीच. मी बाबू झाल्यापासून पाण्यात उतरलेला नव्हतो. काठावर उभा राहून टोपल्यांना हात लावायचो आणि लोक "बाबूसाहेब, चिखल लागन" म्हणून चिडवायचे. त्या दिवशीही नवी पॅन्ट घालून पाळीवर उभा होतो. सगळ्यांना दिसावी म्हणून जरा उंचावरच.

मुखिया ओंजळ पसरून रांगेतून चालला. बाबांनी डबी काढून धरली होती. साठी कधीच उलटलेली, पण खांद्यावर जाळं, धोतर वर खोचलेलं, छाती पुढं. मुखिया त्यांच्यासमोर आला, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या माणसाकडे गेला.

बाबांचा हात तसाच पुढं राहिला.

"ये गा मुखिया," ते म्हणाले. "माही खूण राह्यली."

"नाई भाऊ," मुखिया अगदी आदरानं म्हणाला. "तुमची नाई लागत आता. पंचाइनं ठरवलं. पोरगा सरकारात आहे, देवानं सगळं देल्लं. लय वर्स उतरले तुमी पान्यात. आता काठावर बसा, पान खा. तुमचा वाटा पयले काढून ठेवतो."

मानच दिला होता त्यांनी, त्यात वाकडं काहीच नव्हतं. कोणाच्याही मनात आलं नाही की ज्याचा पोरगा पेन्शनवाला आहे असं तो स्वतःच रोज सांगत फिरतो, त्याला काठावर बसायला राग येईल.

बाबांचा चेहरा लाल झाला. "मी म्हातारा दिसून राह्यलो तुमाले? मेलो का मी? माह्ये हातपाय गळाले का?"

"तसं नाई भाऊ..."

"मंग कसं? पान्यात न उतरता खाऊ? फुकटाचं?"

आणि कोणी धरायच्या आत, मुखियानं हाक द्यायच्याही आत, आमचे बाबा जाळं घेऊन एकटेच तळ्यात शिरले. बायका ओरडल्या, टोपल्या पडल्या. ते फताड फताड पाणी उडवत निघाले ते थेट मध्यापर्यंत.

मला जे हसू फुटलं! चार दिवस माझं डोकं खाणारा माणूस! पाण्यात न उतरता घरी आणून देतात, असं सुख कोणाला भेटते म्हणणारा माणूस! त्याला ते सुख समोर आणून वाढलं तर लाथ मारून निघाला! मी पाळीवरून दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडलो, "बाबा! पेन्शन आली न तुमची! घेऊन जा न!"

सगळं तळं हसलं. मुखियाही हसला. मी जिंकलो होतो. आता कुठल्या तोंडानं अडवतात मला सोमवारी, ते बघूच, असं म्हणत मी अक्षरशः नाचलो तिथं.

मग सगळेच उतरले आणि एकच कल्ला झाला. जाळी पडायला लागली, मरळ उड्या मारायला लागल्या. मी बाबांकडे पाहत होतो. ते कमरेच्या वर पाण्यात उभे होते. जाळं खांद्यावर होतं. तोंडानं आजूबाजूच्यांना "इकडं घ्या, डाव्या हाताले मारा" असं ओरडत होते. पण जाळं फेकत नव्हते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ते एका जागेवरून हललेलेच नाहीत.

मी उतरलो. नवी पॅन्ट, मोठी मोहरी, सगळ्यासकट. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "बाबूसाहेब आले! बाबूसाहेब बाटले!" मी हसत, हातवारे करत बाबांपाशी पोचलो. तर पाण्याखाली त्यांनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी असती तर फुटली असती.

"पाय रुतला," ते ओठ न हलवता म्हणाले. "दम लागून राह्यला. बोलू नोको कोनाले." आणि लगेच मोठ्यानं, "अरे धरा रे त्या कोपऱ्यातून, कायले पाहून राह्यले बायकाइसारखे!"

त्यांचा हात थरथरत होता. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नव्हतं. मी त्यांच्या बगलेत खांदा घातला, पायानं चिखल उकरून त्यांचा पाय मोकळा केला आणि जाळं माझ्या खांद्यावर घेतलं.

"फेकता येते का अजून?" त्यांनी विचारलं.

"येते तं काय! रक्तात आहे."

रक्तात असेल, हातात नव्हतं. मी गर्रकन वळून जाळं असं काही फेकलं की ते उघडलंही छान, गोलही झालं, आणि जाऊन पडलं मुखियाच्या डोक्यावर. तो बिचारा अख्खाच्या अख्खा जाळ्यात. तळ्यातले सगळे हातातली कामं सोडून हसायला लागले. एक जण तर हसता हसता पाण्यात बसला.

"कोनाचं बे हे जाळं?" मुखिया आतून ओरडला.

"माह्यं!" बाबा म्हणाले.

"फेकलं कोनं?"

"मी," मी म्हणालो. "पन बाबाच्या नावानं. आमच्या घरचा मानूस पान्यात आहे, भाऊ. खूण घ्या आता."

मुखिया जाळ्यातून बाहेर आला. कानातून शेवाळ काढलं. हसू गेलं होतं त्याचं. तो पंचांचा माणूस होता आणि नियम म्हणजे नियम.

"घेतो. पन दरसाल उतरशीन का? एका दिवसाची गंमत नाई चालत. आज पान्यात नाव ठेवलं अन् पुढच्या साली मानूस नाई आला, तं सगळ्याइसमोर नाव काढून काठावर टाका लागते. मंग तुह्ये बाबा मलेच शिव्या देईन. तू तं गडचांदूरले चालला म्हनते."

म्हणजे बातमी सगळीकडे पोचली होती. पोचणारच, मीच गाईपर्यंत पोचवली होती.

माझ्या डोक्यात पंखा फिरत होता, खोटं कशाला बोलू? नळही होता, फटफटीही होती. आणि पाण्याखाली बाबांचा हात होता माझ्या मनगटावर. मला वाटलं ते आता दाबतील. त्यांनी बोटं सैल केली. मग हात काढूनच घेतला आणि दुसरीकडे कुठंतरी, पार पलीकडच्या पळसांकडे पाहत उभे राहिले.

चार दिवस माझ्या उरावर बसून पेन्शन पेन्शन करणारा माणूस, नेमक्या वेळी एक शब्द बोलला नाही.

"उतरीन," मी म्हणालो.

"दरसाल?"

"दरसाल! लिहून पाह्यजे का आता?"

आवाज माझाच होता, पण जरा जास्तच मोठा निघाला. आणि गंमत अशी की म्हटल्याबरोबर मला भयंकर आनंद झाला. का ते विचारू नका. दुपटीचा पगार चिखलात घालून माणूस रडतो की हसतो? मी हसत सुटलो. मुखियाच्या अंगावर पाणी उडवलं, त्यानं माझ्यावर उडवलं, मग म्हातारेकोतारे सगळे एकमेकांवर पाणी उडवायला लागले. काठावरून बायका ओरडत होत्या, "मासळी धरा रे पयले, शिमगा मंग खेळा!" मुखियानं ओंजळ पुढं केली. बाबांनी डबी टाकली. मान ताठ होती, पण मी बघतोय असं पाहून त्यांनी खोटा खोकला काढला.

संध्याकाळी आम्ही टोपली घेऊन घरी निघालो. माझी पॅन्ट कमरेपर्यंत चिखलानं कडक झालेली, मोहरीतून पाणी ठिबकत होतं. बाबांनी डबी काढून तंबाखूला चुना लावला. मग म्हणाले, "उद्याची एस.टी. किती वाजताची आहे?"

"नाई जात."

"काऊन?"

आता काय सांगू त्यांना? तुमचा हात थरथरत होता म्हणून? ते ऐकलं असतं तर त्यांनी टोपली माझ्या डोक्यावर ओतली असती.

"इथी पेन्शन आहे न," मी म्हणालो. "विचार केला. फंडात काई दम नाई."

बाबा थांबले. माझ्याकडे पाहिलं. आणि जे हसले, जे हसले! "मी सांगत होतो न! सांगत होतो का नाई?" वाटेत जो भेटेल त्याला धरून सांगत सुटले, "पोरानं ऐकलं माह्यं! पेन्शनची किंमत कळाली त्याले!" ओळखीच्यांना सांगितलं, अनोळखींना सांगितलं, एका बैलगाडीवाल्याला तर गाडी थांबवून सांगितलं. मीही शेजारी उभा राहून मान हलवत होतो. मावसभाऊ पुढं मला काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि बडे बाबूंनी सोमवारी स्वतःच्या पैशानं चहा पाजून पाठ थोपटली. सगळ्यांच्या लेखी मी दूरचं पाहणारा शहाणा मुलगा ठरलो.

दारात माय उभी होती. बाबा तिला तेच सांगत आत गेले. तिनं माझ्या पॅन्टकडे पाहिलं, मग मनगटाकडे. तिथं बाबांच्या बोटांचे वळ उमटलेले होते.

"खोटं बोलून राह्यला न त्याइच्यासंगं?" ती हळू आवाजात म्हणाली.

"हो."

"बोलत राह्य," ती म्हणाली, आणि झिंगे निवडायला सूप घेऊन बसली.